शुक्रवारी रात्रीचा पेशंट

न्यू जर्सीत कॅथलॅबमध्ये काम करणारी बाई घर बघायला निघाली की शाळा कशी आहे, देऊळ किती लांब, भाजी कुठे मिळते हे सगळं नंतर. आधी ती त्या घरापासून हॉस्पिटलच्या मागच्या दारापर्यंत गाडी नेऊन बघते, किती मिनिटं लागतात ते. कारण नियमच असा आहे, की रात्री-अपरात्री फोन वाजला की तीस मिनिटांच्या आत लॅबमध्ये हजर व्हायचं. मी एडिसनमध्ये राहते ती त्यामुळे. पाहुण्यांना वाटतं, ओक ट्री रोडवरच्या फरसाणासाठी.

मी नर्स. मिरजेला शिकले, तिकडेच आयसीसीयूत काही वर्षं काढली, लग्नानंतर इकडे आले, इथल्या परीक्षा दिल्या आणि फिरत फिरत कॅथलॅबमध्ये स्थिरावले. मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी सारून हृदयाच्या रक्तवाहिन्यांचं चित्र घेतात आणि बंद पडलेली वाहिनी फुग्याने उघडून तिथे स्टेंट बसवतात, ती खोली म्हणजे कॅथलॅब. आमची लॅब सोमवार ते शुक्रवार सकाळी सात ते संध्याकाळी पाच गजबजलेली असते. आठवड्याचे तास 168, त्यातले हे पन्नास. उरलेले 118 तास तिथे बहुतेक अंधार असतो आणि आमच्या उशाशी फोन.

हार्ट अटॅक काही हे पन्नास तास बघून येत नाही. अमेरिकेतल्या पेशंटांवरचा एक मोठा अभ्यास 2005 साली आला होता. त्यात अँजिओप्लास्टी झालेल्यांपैकी निम्म्याहून जास्त, आणि गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन मिळालेल्यांपैकी दोनतृतीयांश पेशंट कामाच्या वेळेबाहेर आलेले होते. म्हणजे ज्याला आपण अवेळ म्हणतो तीच या आजाराची खरी वेळ. मग अशा अवेळी आलेल्या माणसाला तेच उपचार, तितक्याच लवकर मिळतात का?

याचं सगळ्यात गाजलेलं उत्तर आमच्या शेजारच्या गावातून आलं. न्यू ब्रन्सविकच्या रॉबर्ट वुड जॉन्सन मेडिकल स्कूलमधले विल्यम कोस्टिस आणि त्यांचे सहकारी यांनी 1987 ते 2002 या काळात न्यू जर्सीत पहिल्यांदा हार्ट अटॅक येऊन दाखल झालेल्या 2,31,164 पेशंटांच्या नोंदी तपासल्या. हा लेख 2007 च्या मार्चमध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला. 1999 ते 2002 या शेवटच्या टप्प्यात, सोमवार ते शुक्रवार दाखल झालेल्यांपैकी तीस दिवसांत 12 टक्के दगावले, शनिवार-रविवारी आलेल्यांपैकी 12.9 टक्के. वाचताना वाटतं, एवढंच? पण दर हजार माणसांमागे ही नऊ माणसं जास्तीची आहेत, आणि वर्षभरानंतर पाहिलं तरी तो फरक भरून निघाला नव्हता. पहिल्याच दिवशीचे मृत्यू 2.7 विरुद्ध 3.3 टक्के होते.

असे आकडे आले की पहिली शंका येते, की सुट्टीच्या दिवशी येणारा पेशंटच जास्त आजारी असणार. बरा असता तर तो सोमवारपर्यंत थांबला असता. शंका रास्त आहे. पण वय, इतर आजार, हृदयाचा कुठला भाग बाधित झाला, यांत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक सापडला नाही. फरक सापडला तो अँजिओग्राफी आणि अँजिओप्लास्टी किती जणांची आणि किती लवकर झाली यात. शनिवार-रविवारी आलेल्यांना हे उपचार कमी मिळाले, पहिल्या दोन दिवसांत तर फारच कमी. आणि हे उपचार हिशोबात धरले तेव्हा मृत्यूंमधली तफावत बरीच घटली आणि ठामपणे सांगण्याजोगी उरली नाही.

याच्या उलटं दाखवणारा अभ्यासही आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात 1988 ते 1997 मधल्या तातडीने दाखल झाल्याच्या अडतीस लाख नोंदींची छाननी बेल आणि रेडेलमायर या डॉक्टरांनी 2001 साली छापली. शंभर जीवघेण्या आजारांपैकी तेवीसमध्ये शनिवार-रविवारी मृत्यू जास्त होते, पण हार्ट अटॅकमध्ये फरक दिसला नाही. मला हे दोन्ही एकदम खरं वाटतं. ओंटारिओचा तो काळ बराचसा गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनचा होता. स्ट्रेप्टोकायनेज या तशाच औषधाची बाटली लावायला मिरजेत आम्हाला कुणाची वाट बघावी लागत नसे. ड्यूटीवरचा डॉक्टर, एक सिस्टर, सलाइनचा स्टँड, झालं. रविवार असो की दिवाळी. अँजिओप्लास्टी आली आणि उपचार अंगाने मोठा झाला. त्याला डॉक्टर लागतो, दोन नर्सेस लागतात, एक्स-रेचा तंत्रज्ञ लागतो, आणि ही सगळी माणसं रविवारी दुपारी आपापल्या घरी जेवत असतात. 2005 च्या ज्या अभ्यासाचा मी वर उल्लेख केला त्यात हे लख्ख दिसतं. इंजेक्शन द्यायला कामाच्या वेळेत सरासरी 33.2 मिनिटं आणि अवेळी 34.3. पण दारातून आत आल्यापासून फुगा फुगेपर्यंतचा वेळ कामाच्या वेळेत 94.8 मिनिटं आणि अवेळी 116.1.

एकवीस मिनिटांनी काय होतं? हृदयाच्या स्नायूला रक्त देणाऱ्या वाहिनीच्या आतलं चरबीचा थर फुटतो, त्यावर रक्त गोठून गुठळी होते, वाट बंद. त्यापुढचा स्नायू लगेच मरत नाही. आतल्या बाजूने मरायला लागतो आणि तासागणिक ते मरण बाहेरच्या बाजूला सरकत येतं. रायमर आणि जेनिंग्ज यांनी 1970 च्या दशकात कुत्र्यांवरच्या प्रयोगांत हे पायरीपायरीने दाखवलं. सहा तासांनी वाचवण्यासारखं फार थोडं उरलं होतं. मेलेला स्नायू पुन्हा उगवत नाही. पुढे जिना चढताना लागणारी धाप, पायाला येणारी सूज, हे त्या हरवलेल्या मिनिटांचंच येणं असतं.

ती एकवीस मिनिटं जायची कुठे? बाहेरच्या माणसाला वाटेल, रस्त्यात. मुळीच नाही, ती फोनवर जायची. जुनी पद्धत अशी होती. रविवारी पहाटे पेशंट इमर्जन्सीत येतो. ईसीजी निघतो. इमर्जन्सीचा डॉक्टर तो बघतो, त्याला दिसतंय की हा अटॅक आहे, पण कॅथलॅब उघडायचा अधिकार त्याला नाही. तो हृदयविकारतज्ज्ञाच्या निरोप घेणाऱ्या सेवेला फोन करतो. तिथली बाई निरोप लिहून घेते. तज्ज्ञ उठतो, उलट फोन करतो, म्हणतो, ईसीजी फॅक्स कर. त्याच्या घरच्या फॅक्समधला कागद संपलेला. मग तो म्हणतो, वाचून दाखव. मग तो अँजिओप्लास्टी करणाऱ्या दुसऱ्या डॉक्टरला फोन करतो. तो दुसरा नर्सिंग सुपरवायझरला कळवतो. सुपरवायझर एक लॅमिनेट केलेली यादी काढते आणि एकेकीला फोन लावायला घेते. यादीत तिसरं नाव माझं. माझा फोन वाजेपर्यंत त्या माणसाला आत येऊन अर्धा तास होऊन गेलेला असायचा, आणि या अर्ध्या तासात कुणीही आळस केलेला नसायचा. प्रत्येकाने आपलं काम चोख केलेलं असायचं. मला याचीच जास्त चीड यायची.

येल विद्यापीठाच्या एलिझाबेथ ब्रॅडली आणि सहकाऱ्यांनी 365 हॉस्पिटलांना नेमकं हेच विचारलं, की तुमच्याकडे फोन कोण कुणाला करतं? 2006 साली आलेल्या त्या लेखात एकही नवं यंत्र नाही, नवं औषध नाही. इमर्जन्सीच्या डॉक्टरनेच लॅब उघडायचा आदेश दिला तर सरासरी आठ मिनिटं वाचतात. एकाच फोनवर ऑपरेटरने सगळ्यांना एकदम बोलावलं तर चौदाच्या आसपास. पेशंट अजून अँब्युलन्समध्ये असतानाच बोलावलं तर पंधरा. आणि माणसांनी तीसहून जास्त मिनिटांऐवजी वीस मिनिटांत यायचं ठरवलं तर एकोणीस. त्याच वर्षाअखेरीस अमेरिकन कॉलेज ऑफ कार्डिऑलॉजीने या गोष्टी देशभर लावायची मोहीम काढली. 2005 साली दारापासून फुग्यापर्यंतचा मधला वेळ 96 मिनिटं होता, तो 2010 साली 64 वर आला. नव्वद मिनिटांच्या आत उपचार मिळणाऱ्यांचं प्रमाण 44 टक्क्यांवरून 91 वर गेलं. असल्या मोहिमांचे आकडे मी सहसा दोनदा बघते. पण हा बदल मी माझ्या फोनवर अनुभवला आहे. आता माझा, डॉक्टरचा, तंत्रज्ञाचा फोन एकाच सेकंदाला वाजतो, आणि इमर्जन्सीतली पोरसवदा डॉक्टरीणबाईसुद्धा कुणाला न विचारता आम्हा सगळ्यांना अंथरुणातून उठवू शकते. कधीकधी ईसीजी फसवा निघतो आणि आम्ही उगाच धावतो. चालायचंच.

मोठे डॉक्टर जागेवर असले की सगळं आपोआप चांगलं होतं, असंही समजू नये. हार्वर्डचे अनुपम जेना यांनी एक खट्याळ प्रश्न विचारला होता: हृदयरोगतज्ज्ञांची राष्ट्रीय अधिवेशनं असतात, बरेच नामांकित डॉक्टर गावाला जातात, तेव्हा पेशंटांचं काय होतं? 2015 सालच्या त्या लेखात निघालं ते असं, की मोठ्या शैक्षणिक हॉस्पिटलांत अधिवेशनाच्या दिवसांत दाखल झालेले हार्ट फेल्युअरचे आणि हृदय बंद पडलेले गंभीर पेशंट उलट कमी दगावले. हार्ट अटॅकच्या गंभीर पेशंटांत अँजिओप्लास्टी कमी झाल्या, पण मृत्यू वाढले नाहीत. आमच्या लॅबमधल्या डॉक्टरांना हा लेख दाखवला की ते लगेच त्यातल्या उणिवा सांगायला लागतात. काही उणिवा खऱ्याही आहेत.

तर दाराच्या आतली मिनिटं कमी झाली. पण 2013 साली पुन्हा ‘न्यू इंग्लंड’मध्येच एक लेख आला, त्याने आम्हा सगळ्यांचा उत्साह जरा उतरवला. चार वर्षांत दारापासून फुग्यापर्यंतचा वेळ 83 वरून 67 मिनिटांवर आला होता, आणि हॉस्पिटलमधले मृत्यू होते तिथेच, 4.8 वरून 4.7 टक्के. याची कारणं बरीच सांगितली जातात. त्यातलं एक मला रोज दिसतं: घड्याळ आम्ही दारापासून लावतो, पण वाहिनी बंद झालेली असते घरी.

आणि घरी शनिवार-रविवार असतो.

एका गणेशोत्सवातली गोष्ट. मंडळाने शाळेचा हॉल घेतला होता, रविवार, आरती संपून जेवणाची रांग लागलेली. भारतातून मुलाकडे आलेले एक काका खुर्चीत टेकले होते, हातात मसालेभाताची प्लेट तशीच. कपाळावर घाम, डावा हात उगाच चोळत होते. काकूंनी कुणाकडून तरी इनो मिळवलं होतं. “पित्त झालंय. सकाळपासून उपाशी, त्यात हे तेलकट,” त्या म्हणाल्या. मुलगा म्हणाला, “ताई, उद्या सोमवार आहे, सकाळी पहिली अपॉइंटमेंट घेतो.” मी नाडी धरली. हात बर्फासारखा. 911 ला फोन लावते म्हटल्यावर तिघांचेही चेहरे पडले, आणि कशाने पडले ते मला माहीत होतं. काका पाहुण्यांच्या विम्यावर आलेले. त्यांना बीपी आधीपासून. विमा कंपनी म्हणणार, जुना आजार. इमर्जन्सीचं बिल कुणी भरायचं? मग मुलगा म्हणाला, “निदान मी गाडीने नेतो. दहा मिनिटांचा तर रस्ता आहे.”

मी त्याला सांगितलं ते इथेही सांगते. इमर्जन्सीत आलेल्या माणसाला तपासून स्थिर करणं अमेरिकेत हॉस्पिटलांना 1986 च्या कायद्याने बंधनकारक आहे, पैसे असोत-नसोत. बिल येतं, मोठं येतं, पण त्यावर नंतर बोलता येतं, हप्ते पाडता येतात. गाडीने नेलंत तर दोन गोष्टी गमावता. वाटेत हृदयाची लय बिघडली तर गाडीत शॉक द्यायला काही नाही, आणि तुम्ही एका हाताने स्टिअरिंग धरलेलं. दुसरं म्हणजे न्यू जर्सीत हॉस्पिटलचे पॅरामेडिक येतात ते ईसीजी जागेवर काढून पुढे पाठवतात. आमचा फोन त्या ईसीजीवर वाजतो. स्वतःच्या गाडीने आलात तर तो आत आल्यावर वाजणार.

आधी गावच्या स्वयंसेवकांची अँब्युलन्स आली, मागोमाग पॅरामेडिक. शाळेच्या पार्किंगमध्येच ईसीजी निघाला, आणि त्या कागदावरची रेष बघून मला पुढचं कळलं. त्या दिवशी कॉल माझा नव्हता. ज्यांचा होता ते काकांच्या आधी लॅबमध्ये पोचले होते. काका आता सांगलीत आहेत आणि मुलाला फोनवर अजून सांगतात, की पित्तच होतं, पण स्टेंट बसवला ते बरं झालं.

हा प्रकार अमेरिकेपुरता नाही, हे मिरजेत काम केलेल्या कुणालाही सांगावं लागणार नाही. भारतातल्या पन्नास शहरांमधल्या वीस हजारांवर पेशंटांची नोंद असलेला ‘क्रिएट’ अभ्यास 2008 साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्यात दुखू लागल्यापासून हॉस्पिटलला पोचेपर्यंतचा मधला वेळ 360 मिनिटं होता. सहा तास! आत आल्यावर इंजेक्शन मिळायला पन्नास मिनिटं. आपल्याकडे रविवारी कॅथलॅबचा डॉक्टर गावात आहे की लग्नाला गेलाय, ही चिंता त्या सहा तासांपुढे लहान आहे. जिथे दोन तासांत अँजिओप्लास्टी होणं शक्य नाही तिथे आधी इंजेक्शन द्या आणि मग मोठ्या हॉस्पिटलला पाठवा, असंच मार्गदर्शक तत्त्वंही सांगतात. तामिळनाडूत लहान हॉस्पिटलं, अँब्युलन्स आणि मोठी केंद्रं अशी साखळी बांधून हे करून पाहिलं, आणि एका वर्षानंतरचे मृत्यू 17.6 टक्क्यांवरून 14.2 वर आल्याचं 2017 साली छापून आलं. इंजेक्शनला आता कुणी फारशी प्रतिष्ठा देत नाही, पण रविवारी ते तितकंच चालतं जितकं मंगळवारी.

इकडे मात्र सुट्टीचा खरा फटका आता दुसऱ्याच पेशंटाला बसतो. वाहिनी पूर्ण बंद झाली की ईसीजीतली रेष उचलली जाते, फोन वाजतात, सगळे धावतात. पण अमेरिकेत जास्त पेशंट असतात ते वाहिनी अर्धवट बंद झालेले. ईसीजीत फारसं काही नाही, रक्तात ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याची खूण, वाढलेलं. यांना एनस्टेमी म्हणतात. न्यू जर्सीच्या त्या जुन्या आकड्यांत दोन्ही प्रकार एकत्रच मोजलेले होते. हा माणूस शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता येतो. मंगळवारी सकाळी आला असता तर दुपारी किंवा दुसऱ्या दिवशी त्याची अँजिओग्राफी झाली असती. धोका जास्त असेल तर चोवीस तासांत करावी असं तत्त्व आहे. पण शुक्रवारी सातला लॅबचे दिवे मालवायची वेळ होऊन गेली. टीमला घरून बोलवावं इतका तो गंभीर दिसत नाही. मग रक्त गोठू न देणाऱ्या हेपरिनचं ड्रिप लावून तो वर वॉर्डात. शनिवारी डॉक्टर येऊन सांगतात, सोमवारी करू. रविवारी नातवंडं भेटायला येतात. सोमवारी सकाळी सातला त्याच्यासारखे चार-पाच जण रांगेत, आणि शिवाय बाहेरून ठरवून आलेले पेशंट उपाशीपोटी बसलेले. त्याचा नंबर लागतो दुपारी दोनला.

बहुतेकांचं काही बिघडत नाही. पण एखाद्याच्या छातीत रविवारी रात्री पुन्हा कळ येते, रेष उचलली जाते, आणि मग आम्ही सगळे धावतो. जे शनिवारी सकाळी निवांत झालं असतं ते रविवारी रात्री अडीच वाजता, घाम पुसत.

आमच्याकडे आता शनिवारी सकाळी एक खोली चालू असते, सात ते एक, फक्त असल्या पेशंटांसाठी. हे व्हायला फार दिवस लागले. हिशोब खात्याने ओव्हरटाइमचा आकडा दाखवला. आम्ही दोन दिवस अडून राहिलेल्या पलंगांचा दाखवला. लहान मुलं असलेल्या नर्सेस म्हणाल्या, आमचा एकच दिवस असतो, आणि ते खरंच होतं. शेवटी पाळी लावून आठवड्यात दुसरी सुट्टी द्यायचं ठरलं. डॉक्टरांपैकी दोघांनी लगेच होकार दिला, एकाने अजून दिलेला नाही; तो शनिवारी गोल्फला जातो आणि तसं स्पष्ट सांगतो, हे मला त्यातल्या त्यात आवडतं. शुक्रवारी संध्याकाळी निघताना मी इमर्जन्सीत डोकावून ट्रोपोनिनचे रिपोर्ट बघते आणि यादी लावून जाते. रविवारी मात्र अजून फोनच.